सीबी रेडिओचा अँटेना निवडताना खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत

आमच्या वडोदऱ्यातील दुकानातून सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सामान्य नागरिकांना आपसांत बोलण्यासाठी ठेवलेला लहरींचा पट्टा) रेडिओ नेणारे ग्राहक संच बारकाईने पारखतात. अँटेना मात्र खोक्यावर ज्याचा आकडा मोठा तोच उचलतात, असे आम्हांला वारंवार दिसते. आपल्याकडे विनापरवाना सीबी वापरासाठी शक्तीची मर्यादा ५ वॅट आहे, त्यामुळे आवाज किती दूर आणि किती स्वच्छ पोहोचेल हे बहुतांशी अँटेना व तो बसवण्याची जागा यांवरच ठरते.

सर्वांत आधी लांबी पाहावी, कारण हा एक आकडा आपण स्वतः टेपने मोजू शकता. सीबी रेडिओ २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि त्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते. त्यामुळे पाव लहरीचा अँटेना साधारण पावणेतीन मीटर आणि अर्ध्या लहरीचा साडेपाच मीटर भरतो. मोटारीवर एवढी काठी सोयीची नसल्याने तारेची कॉइल घालून ती आखूड करतात. असा अँटेना काम देतो, पण तो जितका आखूड, तितकी त्याची कार्यक्षमता कमी होते आणि ४० चॅनेलांच्या सुमारे ४४० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो दोन्ही टोकांना सारखा जुळत नाही.

गेन म्हणजे अँटेना शक्ती हव्या त्या दिशेला किती एकवटतो याचे डेसिबलमधील (डीबी) माप. त्याचा आकडा वाचताना तो कशाच्या तुलनेत दिला आहे, हे अवश्य विचारावे. अर्ध्या लहरीच्या साध्या डायपोलचा (दोन भुजांच्या अँटेनाचा) गेन, सर्व दिशांना सारखी शक्ती फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत मोजला तर, २.१५ डीबीआय असतो. तोच डीबीडीमध्ये, म्हणजे डायपोलच्याच तुलनेत, शून्य लिहिला जातो. म्हणजे एकाच अँटेनावर दोन कंपन्या दोन वेगळे आकडे छापू शकतात आणि दोन्ही खरे असतात. नुसते ‘डीबी’ लिहिलेले असेल, तर त्या आकड्यावर विसंबू नये. दीड मीटरच्या मोटारीवरील काठीला ६ किंवा ९ डीबी गेन असल्याचा दावा आम्ही ग्राह्य धरत नाही.

एसडब्ल्यूआर म्हणजे संच, केबल आणि अँटेना एकमेकांशी किती जुळले आहेत याचे माप. तो १.५ असेल तर सुमारे ४ टक्के शक्ती परत फिरते, २ असेल तर ११ टक्के आणि ३ असेल तर २५ टक्के. दीडच्या आत असल्यास निश्चिंत राहावे, १.५ वरून १.१ वर आणण्यासाठी खर्च करण्याचे कारण नाही. एसडब्ल्यूआर उत्तम म्हणजे अँटेना उत्तम, असेही नव्हे, कारण निकृष्ट केबल परत येणारी शक्ती वाटेतच गिळते आणि मीटरवर आकडा सुंदर दिसतो. चॅनेल १ पेक्षा ४० वर एसडब्ल्यूआर जास्त असेल तर अँटेना लांब आहे, उलट असेल तर आखूड आहे, असे समजावे.

केबल ५० ओमचीच घ्यावी. टीव्हीची ७५ ओमची नको. गच्चीवरून ३० मीटर खाली आणायची असल्यास बारीक आरजी-५८ मध्ये दोन ते अडीच डेसिबल, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक शक्ती वाया जाते. तेथे जाड आरजी-२१३ घेणे योग्य. खोक्यावरील ‘५०० वॅट’ किंवा ‘१००० वॅट’ ही सहनक्षमता ५ वॅटच्या संचाला निरुपयोगी आहे, त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

मोटारीवर अँटेना लोखंडी टपाच्या मध्यभागी बसवावा, कारण टपाचा पत्राच अँटेनाचा उरलेला अर्धा भाग असतो. फायबरच्या टपावर चुंबकी बैठक ना धरते, ना तिला हा आधार मिळतो. घराच्या गच्चीवर मात्र विजेच्या तारांपासूनचे अंतर अँटेना व खांब यांच्या एकत्रित लांबीपेक्षा जास्त ठेवावे, म्हणजे तो कोसळला तरी तारांना लागणार नाही. उत्तरायणात पतंगांचा मांजा काठीत गुंतून ती वाकते, तेव्हा जानेवारीच्या त्या दिवसांत ती उतरवून ठेवणे उत्तम. खांबाला अर्थिंग पावसाळ्यापूर्वीच करून घ्यावे आणि गडगडाट सुरू होण्याआधी केबल संचातून काढावी. कडकडाट ऐकू येऊ लागल्यावर मात्र तिला हात लावू नये.

खरेदीला येताना गाडीच्या टपाचा प्रकार किंवा गच्चीपासून संचापर्यंतचे अंतर मोजून आणावे. त्यावरून कोणता अँटेना आणि किती केबल लागेल, ते आम्ही सांगू.