गाजर गवत: पुण्यातल्या नोंदीपासून मेक्सिकन भुंगेऱ्यापर्यंत

गाजर गवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी. नावे अनेक, तण एकच: पार्थेनियम हिस्टेरोफोरस, मूळचे मेक्सिकोच्या बाजूचे. पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली आलेल्या गव्हातून ते आले, असे गावोगाव सांगतात. तारखा मात्र जुळत नाहीत. पुण्यात ते १९५५ च्या सुमारास नजरेत आले आणि पीएल-४८० चा भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. गव्हावर आळ घालायचाच, तर १९५१ च्या कर्जाऊ अमेरिकी गव्हावर घालावा. त्यातही एकोणिसाव्या शतकात ही वनस्पती भारतात असल्याच्या नोंदी आहेतच.

पसरले ते उकरलेल्या, उघड्या जमिनीवर: रस्त्याच्या कडा, रेल्वेचे भराव, कालव्यांचे काठ. दाट गवताच्या कुरणात त्याला सहसा थारा मिळत नाही. अति चराईने उघडे पडले की मिळतो. एका झाडाला १५ ते २५ हजार बी धरते, महिना-दीड महिन्यात फुलोरा येतो आणि ओल असली की वर्षात तीन-चार पिढ्या निघतात. पाणी, वारा, शेणखत, मुरूम-वाळूची वाहने, सगळ्यांतून बी पुढे जाते.

कर्नाटकाने १९७५ मध्ये त्याला कायद्याने घातक तण ठरवले. पुढे १९८३ मध्ये मेक्सिकोहून या तणाची पाने खाणारे झायगोग्रामा भुंगेरे बंगळूरला आणून पुढच्या वर्षी सोडले गेले. ते सूर्यफुलावर दिसले तेव्हा बराच गदारोळ झाला; चौकशीनंतर तो शमला. भुंगेऱ्याची खरी अडचण निराळी. नोव्हेंबरपासून तो जमिनीत सुप्त राहतो, पावसाने बाहेर येतो, आणि त्याची संख्या वाढेपर्यंत पहिल्या उगवणीला फुले लागलेली असतात. हिवाळी आणि ओलिताखालचे तण तर त्याच्या हाती लागतच नाही.

म्हणून उपटणी सुटत नाही. पाऊस पडून जमीन मऊ झाल्यावर, फुलोऱ्याआधी, मुळासकट उपटावे. नुसते कापले तर बुंध्यातून फुटवे येऊन तेच झाड पुन्हा फुलते. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच, कारण यातल्या पार्थेनिन या विषारी द्रव्याने कातडीला खाज, चट्टे येतात. फुलोऱ्याआधीचे तण कंपोस्टात चालते. बी धरलेले खड्ड्यात टाकले आणि खड्डा नीट तापला नाही, तर तेच बी खताबरोबर शेतभर पडते. उपटून रिकाम्या झालेल्या पडीक जागेत पावसाच्या तोंडावर तरोट्याचे (टाकळ्याचे) बी फेकतात. तो दाट उगवून गाजर गवताला दाबतो. विरळ पडला तर मधल्या फटींत पुन्हा तेच.