तार तुटली, तर गेट थांबलंच पाहिजे

सोसायटीच्या किंवा बंगल्याच्या सरकत्या गेटची मोटर फारशी मोठी नसते. साधारण 370 वॅटची, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीची. तरीही ती पाचसहाशे किलोचं लोखंड ओढते, कारण गिअरबॉक्स तिचा वेग घटवतो आणि त्या बदल्यात जोर मिळवून देतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. गेट मिनिटाला 10 मीटर सरकत असेल, तर सेकंदाला जेमतेम 17 सेंटिमीटर. निम्मी शक्ती गिअरच्या घर्षणात गेली असं धरलं, तरी उरलेल्या 185 वॅटमधून सुमारे 1,100 न्यूटन, म्हणजे 110 किलो वजनाएवढा रेटा तयार होऊ शकतो. गेट हळू चालतं म्हणून निरुपद्रवी वाटतं. खरं तर त्याचा जोर त्या हळूपणातूनच येतो.

2010 च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये, मँचेस्टर आणि वेल्समधलं ब्रिजेंड इथे, थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन लहान मुली स्वयंचलित सरकत्या गेटमध्ये चिरडून दगावल्या. त्यानंतर तिथल्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी सुरक्षा संस्थेने अशा गेटबद्दल देशभर इशारा काढला. युरोपीय मानक सांगतं, की बंद होताना अर्ध्या मीटरपेक्षा कमी उरलेल्या फटीत गेटचा जोर 400 न्यूटनच्या वर जाता कामा नये आणि पाऊण सेकंदात तो 150 न्यूटनच्या खाली आला पाहिजे. मोटर चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डावर जोर कमीजास्त करायची सोय असते. पण चाकात माती अडकली, रूळ वाकला, की गेट अडखळू लागतं आणि कोणीतरी तो जोर वाढवून ठेवतं. म्हणून जोराच्या मर्यादेवर विसंबून चालत नाही. किरण अडला की अडथळा ओळखणारा फोटोसेल लागतो, गेटच्या कडेला दाब ओळखणारी रबरी पट्टी लागते, आणि या दोन्हींच्या तारा योग्य तत्त्वाने जोडलेल्या लागतात.

ते तत्त्व असं. फोटोसेलचा अवरक्त किरण अखंड असतो, तोवर त्याच्या रिसीव्हरमधला कॉन्टॅक्ट जुळलेला राहतो आणि बोर्डाला त्यातून सतत वीज परत मिळत असते. कोणी आडवं आलं की कॉन्टॅक्ट उघडतो, वीज थांबते, गेट थांबतं. बोर्डावर याच जोडणीला 'एनसी' (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जुळलेली) म्हणतात. आता उंदराने तार कुरतडली, स्क्रू सैल झाला किंवा रिसीव्हरचा पुरवठा गेला, तर काय होईल? वीज थांबेल, म्हणजे बोर्डाच्या लेखी कोणीतरी मध्ये उभं आहे आणि गेट हलणार नाही. उलट पद्धतीने, म्हणजे अडथळा आला की कॉन्टॅक्ट जुळेल अशी जोडणी केली, तर तुटलेली तार आणि मोकळा रस्ता बोर्डाला सारखेच दिसतात. वर्षभर सगळं ठीक चाललेलं दिसतं आणि गरज पडते त्या क्षणी गेट आंधळं असतं.

रबरी पट्टीची युक्ती मला याहून सुंदर वाटते. अनेक पट्ट्यांमध्ये दोन वाहक एकमेकांपासून वेगळे धावतात आणि त्यांच्या शेवटच्या टोकाला 8.2 किलोओहमचा एक रोध बसवलेला असतो. बोर्ड सतत हा रोध मोजत राहतो. 8.2 मिळाला, तर पट्टी शाबूत आहे आणि कोणी दाबलेली नाही. शून्याजवळ आला, तर दोन्ही वाहक चिकटले, म्हणजे मध्ये कोणीतरी सापडलं. मोजमाप अनंताकडे गेलं, तर तार तुटली. दोन तारांवर तीन बातम्या कळतात, आणि त्यांतल्या दोन बातम्यांना गेट थांबतं. रोध मात्र पट्टीच्या शेवटच्या टोकालाच हवा. तो बोर्डाच्या टर्मिनलवर लावला, तर मधली सगळी तार तुटली तरी बोर्ड 8.2 च वाचत राहील.

इथेच सगळ्यात मोठा घात होतो. पावसाळ्यात फोटोसेलमध्ये पाणी शिरतं, गेट बंद पडतं, गाड्या बाहेर खोळंबतात. दुरुस्तीला आलेला माणूस बोर्डावरच्या कॉमन आणि फोटोसेलच्या टर्मिनलमध्ये बोटभर तार टाकून 'सेन्सर बायपास' करतो. गेट चालू होतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि ती तार तिथेच राहून जाते. कमिटीने हे कधीही मान्य करू नये. सेन्सर बिघडला असेल, तर नवा येईपर्यंत मोटर बंद ठेवून गेट हाताने सरकवावं. काम ताब्यात घेताना फोटोसेलची एक तार काढायला लावून रिमोट दाबून पाहा: गेट बंद व्हायला निघालं, तर जोडणी चुकली आहे.

दुसरा धोका 230 व्होल्टचा. गेट लोखंडी, जमीन ओली, येणाराजाणारा हात लावणार. 'गेटजवळ अर्थिंगचा रॉड ठोकलाय, काळजी नको' हे वाक्य वरचेवर ऐकू येतं, पण गणित त्याच्या बाजूने नाही. समजा त्या रॉडचा जमिनीशी रोध 20 ओहम आहे. फेज मोटरच्या बॉडीला लागला, तर फार तर 11 ते 12 अँपिअर वाहतील. एवढ्यावर 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच) पडणारच नाही, आणि गेट 200 व्होल्टच्या वर जिवंत राहील. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो, म्हणजे शरीरातून 200 मिलिअँपिअर, जीव जायला पुरेसे.

म्हणून गेटच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती पकडणारा स्विच, हवाच. तो फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली वीज सतत ताडून पाहतो. फरक 30 मिलिअँपिअर झाला, तर 0.3 सेकंदांच्या आत, आणि फरक मोठा असेल तर त्याहून झटपट लाइन तोडतो. अर्थिंग मात्र तरीही लागतं. ते असेल, तर गळणारी वीज माणसाचा हात लागण्याआधीच जमिनीत जाते आणि आरसीसीबी आधीच पडतो. त्यावरचं टेस्ट बटण अधूनमधून दाबत जा.

230 व्होल्टची केबल आणि फोटोसेलच्या 24 व्होल्टच्या तारा एकाच पाइपातून नेऊ नयेत. इन्सुलेशन सोललं, तर हात लावायला सुरक्षित समजलेल्या तारेत घरची वीज शिरते. शिवाय पाइपात पाणी साचणार हे कोकणात काय, पुण्यात काय, गृहीतच धरावं: केबल बोर्डाच्या बॉक्समध्ये खालून, तिला घट्ट धरणाऱ्या ग्लँडमधून घ्यावी आणि पाइपाचं तोंड बुजवावं, म्हणजे मुंग्या आणि पालीही बोर्डापर्यंत पोहोचत नाहीत.

वीज गेल्यावर गेट ढकलून उघडेल असं समजू नका. गिअरबॉक्समधला वर्म गिअर मोटरने फिरतो, पण गेट ढकलून फिरत नाही, त्यामुळे किल्लीने क्लच सोडवावा लागतो. ती किल्ली सेक्रेटरीच्या कपाटात नव्हे, वॉचमनच्या हाताशी हवी आणि त्याने ती वापरून पाहिलेली हवी. आधी मेन स्विच बंद करायचा, मगच क्लच सोडायचा; नाहीतर वीज परत येते, कोणी रिमोट दाबतं आणि मोटर फिरू लागते. उतारावरचं गेट क्लच सुटताच आपल्या वजनाने धावू शकतं, तिथे आधी चाकाखाली ठोकळा लावावा. आणि स्विच बंद केला म्हणून बॉक्समध्ये लगेच हात घालू नये. मोटरच्या कपॅसिटरमध्ये त्यानंतरही वीज साठून राहिलेली असू शकते.