बर्नआउट की करुणेचा थकवा? दोन्हीत सिस्टर ‘दमलेय’ एवढंच म्हणते

नाइट ड्युटी संपवून निघालेली सिस्टर म्हणते, ‘आता नाही होत माझ्याच्यानं.’ ऐकणारा सहज सांगून जातो, ‘चार दिवस सुट्टी काढ.’ कधी त्या सुट्टीनं बरं वाटतं, तर कधी कामावर परतल्यावर पहिल्याच तासाला सगळं होतं तिथंच येतं. तिच्या एका वाक्यामागे दोन वेगळी दुखणी असू शकतात. एक बर्नआउट, दुसरं कम्पॅशन फटीग, म्हणजे दुसऱ्याचं दुःख वाहून आलेला थकवा.

बर्नआउट कामाच्या रचनेतून येतो. हा शब्द १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं रूढ केला. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याच्या तीन खुणा मांडल्या: भावनिक शक्ती संपणं, माणसांबद्दल कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की होणारा परिणाम, अशी तिची नोंद आहे. म्हणजे दोष कुठे शोधायचा, ते व्याख्येतच आलं.

यात वॉर्डातली भाषा आधी बदलते. ‘कालच्या ऑपरेशनच्या आजी’ जाऊन ‘बारा नंबर’ उरतो. औषधांची ट्रॉली घेऊन निघालेल्या सिस्टरला वाटेत तिघं थांबवतात. कुणाची सलाईन संपलीय, कुणाचा नातेवाईक रिपोर्ट विचारतोय, डेस्कवर फोन वाजतोय. अशा वेळी चुकीचा डोस जाऊ शकतो, पण त्याहून जास्त वेळा घडतं ते राहून गेलेलं काम. कूस बदलायची राहिली, तोंड स्वच्छ करायचं राहिलं, घरी जाताना औषधं समजावायची राहिली. चूक निदान नोंदवली तरी जाते. राहून गेलेल्याचा कुठे पत्ता नसतो.

नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त दिसली, आणि त्या नर्सच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी. हे आकडे असताना स्टाफला ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’च्या वर्गाला बसवणं मला तरी चेष्टाच वाटते.

करुणेच्या थकव्याची वाट निराळी. १९९२ मध्ये कार्ला जॉइनसन यांनी नर्सच्या संदर्भातच हा शब्द वापरला, आणि चार्ल्स फिगली यांनी पुढे त्याचं नातं दुसऱ्याच्या आघाताच्या आपल्यावर होणाऱ्या परिणामाशी जोडलं. इथं ड्युटीवर माणसं पुरेशी असतील, रजाही मिळत असेल. तरी घरी मायक्रोवेव्हची, वॉर्डातल्या मॉनिटरसारखी ‘पीं पीं’ ऐकून ती दचकते. गेलेल्या मुलाचा चेहरा जेवताना समोर येतो. बर्नआउट महिनोन्‌महिने साचत जातो. हा थकवा एखाद्या मृत्यूनंतर अचानकही अंगावर येतो, आणि तोही बहुधा जीव लावून काम करणाऱ्याच्याच.

पेशंटच्या बाजूनं पाहिलं तर दोन्हींत सिस्टर दूर गेल्यासारखी दिसते. पण बर्नआउट झालेली सगळ्यांपासूनच तुटते. करुणेनं थकलेली मात्र ठरावीक खोली टाळते, ठरावीक आईच्या नजरेला नजर देत नाही. कधी याच्या उलटही होतं. ती एकाच पेशंटमध्ये इतकी गुंतते की ड्युटी संपली तरी पाय निघत नाही.

व्यवहारात हे इतकं सुटं-सुटं नसतं. थकवा मोजण्याच्या एका प्रचलित प्रश्नावलीत तर बर्नआउट हा करुणेच्या थकव्याचाच भाग धरलाय. तरीही एक प्रश्न विचारून पाहावा: ‘आज दोन माणसं जास्त असती तर बरं वाटलं असतं का?’ लगेच ‘हो’ आलं तर आधी ड्युटीचा तक्ता बघा. ‘त्यानं काय होणार’ असं आलं, तर तिला बोलायला कुणीतरी हवंय.

मृत्यूनंतर सगळ्यांनी मिळून दहा मिनिटं बसावं, काय झालं ते बोलावं, हा दुसऱ्या दुखण्यावरचा साधा उपाय. तो राहतो पहिल्या दुखण्यापायी. बेड रिकामा होतो न होतो तोच पुढच्या ॲडमिशनचा फोन आलेला असतो.