कॅपच्या आतली चकाकी

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. खानापूरहून आत्याचा फोन आला, "करदंट खाताना दाताची कॅप निघाली बघ." गोकाकचं करदंट दाताला किती चिकटतं, हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. गुळाचा पाक, सुकामेवा आणि तळलेला डिंक. नावातच ते आहे: कन्नडमध्ये 'करिद' म्हणजे तळलेला आणि 'अंटु' म्हणजे डिंक.

मी पोचलो तेव्हा कॅप कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवलेली होती आणि घरात सल्ल्यांचा पाऊस पडत होता. शेजारच्या काकू म्हणत होत्या, आत कीड झाली असणार, रिंगणीच्या बियांची धुरी घ्या. धाकट्या भाच्यानं इन्स्टंट गोंदाची ट्यूब आणून ठेवली होती. आत्या स्वतः दोष सिमेंटला देत होती. "हलकं सिमेंट वापरलं असणार की. दोन वर्षंसुद्धा टिकलं नाही."

मी रसायनशास्त्र शिकवतो, दातांचा डॉक्टर नाही. पण ती कॅप खिडकीच्या उजेडात धरली आणि एक गोष्ट पटकन नजरेत भरली. आतली बाजू चिनी मातीच्या कपासारखी चकचकीत होती. सिमेंटचा कणही नाही. मग टॉर्च घेऊन आत्याच्या तोंडात पाहिलं. सिमेंटचा अख्खा पातळ थर दातावर जसाच्या तसा बसलेला होता. म्हणजे सिमेंटनं दात सोडला नव्हता. त्यानं कॅप सोडली होती, किंवा कॅपला कधी धरलंच नव्हतं.

भिंतीचं प्लास्टर पडलं की गवंडी आधी पडलेल्या तुकड्याची पाठ बघतो. विटेची लाल भुकटी पाठीला लागून आली असेल तर वीट कच्ची. पाठ स्वच्छ असेल तर भिंतीची तयारी नीट झाली नव्हती. दाताचंही तेच आहे. चिकटवलेली वस्तू निघाली की लोक गोंदाला शिव्या देतात, पण जोड टिकतो की नाही हे बहुतेक वेळा गोंद लावण्याआधीच ठरलेलं असतं, दोन्ही पृष्ठभाग कसे तयार केले त्यावर.

दाताच्या बाजूची तयारी जुनी आहे. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर या अमेरिकन दंतवैद्यानं दाताच्या एनॅमलवर, म्हणजे वरच्या कठीण कवचावर, ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल तीस सेकंद लावून पाहिलं. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत हे आम्ल वापरतात, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. एनॅमल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. आम्लानं त्यांना सूक्ष्म खळगे पडतात, पातळ राळ (दातांच्या कामातलं रेझिन) त्यांत शिरते आणि घट्ट होऊन अडकून बसते. आज सुमारे ३७ टक्क्यांचं जेल वापरतात. तेवढं पुरतं.

सिरॅमिकची तयारी मात्र लोकांना ठाऊकच नसते, आणि माझा जीव त्यातच अडकला आहे.

आत्याची कॅप लिथियम डायसिलिकेटची होती. खानापूरच्या कौलांची माती आणि ही कॅप दोन्ही सिरॅमिकच, पण कॅपची घडण वेगळी. तिच्यात सुमारे सत्तर टक्के भाग बारीक सुयांसारखे स्फटिक असतात, आणि त्या सुयांच्या मधली जागा काचेनं भरलेली असते. जोंधळ्याचा कडबा चिखलात रचून वाळवावा तशी. सुया बळकटी देतात, काच त्यांना एकत्र धरते.

हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा सल्फ्युरिक आम्ल आपण काचेच्याच बाटलीत ठेवतो, कारण ती काचेला हात लावत नाहीत. काचेला सहज खाणारं आम्ल म्हणजे हायड्रोफ्लोरिक. काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट धरून असतात. फ्लोरिन मात्र सिलिकॉनला ऑक्सिजनपेक्षाही घट्ट धरतो, म्हणून तो सिलिकॉनला ओढून नेतो. कॅपच्या आत पाच टक्क्यांचं हे जेल वीस सेकंद लावलं की सुयांमधली काच विरघळते आणि सुया उघड्या पडतात. चकाकी जाते, पृष्ठभाग दवानं धुरकटलेल्या काचेसारखा दिसू लागतो. पूर्वी दारावरून 'पाट्याला टाकी' अशी हाळी यायची, आठवतं? गुळगुळीत झालेल्या पाट्यावर छिन्नीनं बारीक ठोके मारून तो पुन्हा खरखरीत करत. कॅपला लावलेली ही टाकीच, फक्त तिचे ठोके मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापाचे.

वेळ पदार्थावर ठरते. जुन्या पद्धतीच्या फेल्डस्पारच्या पोर्सिलेनमध्ये काच जास्त असते, तिथे नऊ-दहा टक्क्यांचं आम्ल मिनिट-दीड मिनिट ठेवतात. तोच हिशोब लिथियम डायसिलिकेटला लावला तर सुयांचा आधारच जातो आणि कॅप कमकुवत होते. जास्त वेळ म्हणजे जास्त पक्कं, असं इथे नाही. आम्ल धुतल्यावर कधी पांढरी पूड उरते. ते विरघळलेल्या काचेचे क्षार असतात. ते खळग्यांत राहिले तर राळ आत शिरणार कुठून? म्हणून कॅप अल्ट्रासॉनिक यंत्रात पाण्यानं किंवा अल्कोहोलनं साफ करतात, किंवा फॉस्फोरिक आम्लानं घासून धुतात.

हे आम्ल मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवत नाही. शास्त्रीय व्याख्येनं ते सौम्य आम्ल आहे, आणि त्यामुळेच घातक. त्याचे रेणू न फुटता कातडीतून खोल जातात आणि शरीरातल्या कॅल्शियमला पकडतात. वेदना कधी कधी तासांनी सुरू होते. म्हणून हे काम तोंडाबाहेर, हातमोजे आणि चश्मा घालून करायचं असतं, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवायचं असतं.

आता सायलेन. मला विचाराल तर साऱ्या प्रकरणातला सर्वात सुंदर रेणू हाच.

टाकी लावून कॅप खरखरीत झाली, पण काच ती काचच. तिला पाणी आवडतं. राळेचं सिमेंट म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ, त्याला पाण्याशी देणंघेणं नाही. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. बेळगावच्या बाजारात असा प्रसंग आला तर काय होतं? मध्ये कुणीतरी उभा राहतो, जो एका अंगाला कन्नड बोलतो आणि दुसऱ्या अंगाला मराठी. सायलेन हा तो दुभाषी.

त्याच्या मधोमध सिलिकॉनचा एक अणू असतो. सिलिकॉनला कार्बनसारखेच चार हात. तीन हातांत मेथॉक्सी गट असतात, चौथ्या हातात तीन कार्बनची साखळी आणि तिच्या टोकाला मेथाक्रिलेट. मेथाक्रिलेट म्हणजे नेमकी राळेची भाषा. सिमेंटवर निळा उजेड पडला की त्यातले कार्बनचे दुहेरी बंध उघडतात आणि एकमेकांना साखळीत जोडले जातात. त्याच साखळीत सायलेनचं हे टोकही ओवलं जातं.

काचेच्या बाजूचे तीन हात मात्र आधी बांधलेले असतात. त्यांना सोडवतं पाणी. किंचित ॲसेटिक आम्ल असलेल्या पाण्यात मेथॉक्सी गट मिथेनॉल होऊन निघून जातात आणि त्यांच्या जागी हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, येतात. आता रेणू जागा झाला. कॅपच्या पृष्ठभागावरही हायड्रॉक्सिल असतात, आणि आम्लानं काच खाल्ल्यामुळे ते जास्त संख्येनं उघडे पडलेले असतात. दोन्ही हायड्रॉक्सिल समोरासमोर येतात आणि हायड्रोजन बंधानं एकमेकांना हलकेच धरतात. ही ओळख झाली, सोयरीक अजून नाही.

सोयरीक होते पाणी बाहेर पडल्यावर. दोन हायड्रॉक्सिल मिळून पाण्याचा एक रेणू बाहेर टाकतात आणि मागे उरतो सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा पक्का सहसंयुज बंध, काचेत असतो अगदी तसाच. म्हणजे ज्या पाण्यानं रेणूचे हात सोडवले, तेच पाणी शेवटी हाकलून लावायचं. बारावीची मुलं ल शातेलिएचा नियम घोकतात: तयार होणारा पदार्थ काढून घेत राहिलात की अभिक्रिया पुढे सरकते. सायलेन लावलेल्या कॅपवर गरम हवा सोडतात किंवा ती शंभर अंशांच्या आसपास मिनिटभर ठेवतात, ते याचसाठी. पाणी आणि अल्कोहोल उडून जातात आणि समतोल बंधाच्या बाजूला झुकतो. हे मिनिट कुणी घाईत गाळलं तर बाहेरून काहीच दिसत नाही.

हाच नियम उलटाही चालतो. तोंडात लाळ चोवीस तास. जिथे फट राहिली तिथून पाणी शिरतं आणि तो बंध हळूहळू उलगडू लागतो. वर गरम चहा आणि गार ताक यांनी कॅप, सिमेंट आणि दात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आक्रसतात. म्हणून एकट्या सायलेनवर विसंबत नाहीत. खळग्यांत अडकलेली राळ आणि सायलेनचा रासायनिक बंध, दोन्ही लागतात. १९८३ मध्ये सिमोन्सेन आणि कॅलामिया यांनी पोर्सिलेनवर हायड्रोफ्लोरिक आम्लाचा परिणाम दाखवला, आणि त्यानंतर दातांवर नखाइतके पातळ व्हिनियर, म्हणजे सिरॅमिकचे पापुद्रे, चिकटवणं भरवशाचं झालं. असं पातळ सिरॅमिक एकटं असताना ठिसूळ असतं, पण नीट चिकटलं की त्याच्या आतल्या बारीक चिरा राळ भरून काढते आणि ते दातासकट एक होऊन भार पेलतं.

बाटलीतलं सायलेनही म्हातारं होतं. जागे झालेले रेणू समोर काच नसली की आपसातच हात मिळवतात. त्यांच्या गाठी बनतात, द्रव गढूळ दिसू लागतो. असं सायलेन लावणं न लावल्यासारखंच. काही कंपन्या म्हणूनच दोन बाटल्या देतात, लावायच्या वेळी मिसळायच्या. आणि थर हवा पातळ. काचेला धरते ती पहिली ओळ. तिच्यावर साचलेले बाकीचे रेणू नुसतेच गर्दी करतात.

आता झिरकोनियाबद्दल. कॅपसाठी वापरतात ते हे दुसरं सिरॅमिक. 'सर्वात मजबूत' अशी त्याची जाहिरात करतात, ती खोटी नाही. वाकवून मोडायला लागणारा ताण लिथियम डायसिलिकेटच्या दुपटीहून जास्त असतो. पण मजबूत म्हणजे जास्त चिकटणारं, असा अर्थ लोक काढतात, तो चुकीचा आहे. झिरकोनियात काचच नाही. आम्लाला खायला काही नाही, सायलेनला धरायला सिलिकॉन नाही. तिथे उद्यमबागेतल्या फाउंड्रीची पद्धत लागते. ओतीव भागावर कणांचा मारा करून तो साफ करतात, तसा पन्नास मायक्रॉनच्या ॲल्युमिना कणांचा कमी दाबाचा मारा कॅपच्या आत करायचा. ॲल्युमिना म्हणजे आपल्या यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून काढतात तोच पदार्थ. मग दुभाषी बदलायचा. १९८१ साली कुरारे या जपानी कंपनीनं एमडीपी नावाचा रेणू तयार केला. त्याच्या एका टोकाला मेथाक्रिलेट, मध्ये दहा कार्बनची साखळी आणि दुसऱ्या टोकाला फॉस्फेट. हे फॉस्फेट झिरकोनियमला धरतं.

इथे एक गोम आहे. लाळेतही फॉस्फेट असतं. कॅप तोंडात बसवून बघितली की लाळेतलं फॉस्फेट त्या जागा आधीच अडवून बसतं. ते काढायला फॉस्फोरिक आम्ल लावावं तर ते आणखी फॉस्फेट आणून टाकतं. म्हणजे काचयुक्त कॅप धुवायला जे आम्ल उत्तम, तेच झिरकोनियाला वर्ज्य. झिरकोनियाला पुन्हा कणांचा हलका मारा किंवा त्यासाठी मिळणारी खास पेस्ट वापरतात.

रिंगणीच्या धुरीबद्दल काकूंशी मी शांतपणे बोललो. दातात अळ्या नसतात. जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आम्लानं दात झिजतो. धुरीनंतर पाण्यात ज्या पांढऱ्या 'अळ्या' दाखवतात तो तापून फुटलेल्या बियांमधलाच भाग असतो. त्या धुरीच्या नादात दात महिनोन् महिने सडत राहतो, याचं मला फार वाईट वाटतं. इन्स्टंट गोंदही तसाच घातक. कॅप केसभर वाकडी बसली तरी चावताना सगळा भार एका कोपऱ्यावर येतो, गोंद तोंडातल्या ओलाव्यात टिकत नाही, आणि नंतर तो खरवडताना दाताचं नुकसान होतं. निघालेली कॅप डबीत ठेवावी आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे न्यावी. उघडा पडलेला दात फार वाट बघत नाही.

बेळगावच्या डॉक्टरबाईंनी भिंगाखाली कॅप पाहिली आणि म्हणाल्या, "आतून चमकतेय, म्हणजे आम्ल लावलेलंच नाही." ज्यांनी ती पूर्वी बसवली होती त्यांच्याकडून आम्लाची ती वीस सेकंदांची पायरी राहून गेली होती. कॅपला चीर नव्हती, म्हणून तीच पुन्हा बसवायचं ठरलं. दातावरचं जुनं सिमेंट काढलं. कॅप साफ केली, आम्ल लावलं, वीस सेकंद मोजली, धुतली, वाळवली. मला त्यांनी मुद्दाम जवळ बोलावलं. आतली चकाकी गेली होती, दुधट धुरकट छटा आली होती. वर सायलेनचा एक थेंब सोडला तर तो मण्यासारखा उभा राहिला नाही, क्षणात सगळीकडे पसरला. मग गरम हवा.

तोवर दाताभोवती रबराचा पडदा लावायची तयारी सुरू होती. आत्या खुर्चीत उठून बसली आणि कॅपकडे बघत म्हणाली, "बघू तरी, खरंच खरखरीत लागतंय का." तिनं बोट पुढे केलं. डॉक्टरबाईंनी चिमट्यासकट हात चटकन मागे घेतला.

"आज्जी, आता बोट नको. बोटाचं तेल लागलं की परत पहिल्यापासून."