गिरणगावातील कामगारजीवन

मुंबईत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, वरळी या भागांत कापडगिरण्यांभोवती वाढलेली कामगारवस्ती ‘गिरणगाव’ या नावाने ओळखली जाते. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. गिरण्या वाढल्या, तशी प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरून माणसे येत गेली.

हा कामगार मुंबईकर झाला, पण गावापासून तुटला नाही. शेताचा तुकडा, आईवडील आणि बहुधा बायकामुलेही गावीच असत; पगार झाला की मनीऑर्डर जाई. भरती जॉबरच्या, म्हणजे कामगार नेमणाऱ्या मुकादमाच्या, हाती असल्याने ओळखीपाळखीवर नोकरी लागे आणि एका गावची माणसे एकाच चाळीत, पुष्कळदा एकाच खोलीत राहत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. रात्रपाळीहून आलेला माणूस, दिवसपाळीचा उठून गेला की त्याच्या जागी पथारी पसरी. जेवण खानावळीत. शेजारच्या खोलीतली एखादी बाई पहाटेपासून भाकऱ्या थापून दहा-वीस जणांना जेवू घाली. गिरणी चालत होती ती या बायकांच्याही कष्टांवर, पण त्यांचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हते. त्यांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले.

गावातली जातही कामगारांबरोबर गिरणीत आली. साच्यावर, म्हणजे मागावर, सुताची कांडी बदलताना नव्या सुताचे टोक धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाच्या) भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्यामुळे धोटा बाटेल, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात येऊ दिले जात नसे, आणि अधिक मजुरी तर याच खात्यात मिळे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय ठामपणे पुढे आणला. कामगार चळवळीच्या इतिहासात या प्रश्नाला मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला. इतका काळ तग धरता आला, त्यामागे संघटनेच्या बळाबरोबरच चाळीखालच्या वाण्याची उधारी आणि गावची शेतीही होती. प्लेगच्या साथीत जसे लोक गावी गेले होते, तसेच संपातही जात आणि गिरणीचा भोंगा पुन्हा वाजू लागला की परत येत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हाही पुष्कळांनी गावची वाट धरली. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. अनेक गिरण्या पुन्हा नीट सुरूच झाल्या नाहीत आणि हजारो कामगार कायमचे गावी राहिले. म्हाडाने २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली, तोवर अनेक कामगार हयात नव्हते आणि त्यांच्या नावचे अर्ज वारसांनी भरले होते.