हिपॅटायटिस सीची गोळी आणि २०१२ची ती चाचणी

नाशिकमध्ये कुणाचे डोळे पिवळे दिसले की आजही घरातली जाणती माणसं आधी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता सांगतात. तो हातांना कसला तरी पाला चोळतो, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो, पाणी पिवळं होतं आणि कावीळ उतरली असं सगळे मानतात. दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून हा समज टिकला आहे. हिपॅटायटिस सी हा यकृताला सूज आणणारा विषाणूचा आजार मात्र रक्तातून येतो. पुन्हा वापरलेली सुई, न तपासता चढवलेलं रक्त, डायलिसिसमधली हयगय ही त्याची वाट. त्यात डोळे बहुधा पिवळे होतच नाहीत. यकृत मात्र वर्षानुवर्षं खराब होत राहतं.

हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय माहिती साठवणारी साखळी, जेमतेम ९,६०० अक्षरांचा. पेशीत शिरल्यावर पॉलिमरेज नावाचं त्याचं प्रथिन त्या आरएनएच्या नकला काढतं. सोफोसबुविर हे औषध नेमकं इथे अडवतं. यकृताच्या पेशीत गेल्यावर ते आरएनएच्या अक्षरासारखं रूप घेतं. पॉलिमरेज फसतं, ते खोटं अक्षर साखळीत बसवतं आणि त्यापुढे दुसरं अक्षर जोडताच येत नाही. नक्कल अर्धवट राहते. आपल्या पेशींची पॉलिमरेज ते अक्षर सहसा उचलत नाहीत, आणि औषधाची सगळी किमया यातच आहे.

याच तत्त्वावरचं, याच पॉलिमरेजवर नेम धरलेलं बीएमएस-९८६०९४ हे दुसरं प्रायोगिक औषध. प्राण्यांवरच्या तपासण्या होऊनच ते माणसांपर्यंत आलं होतं. पण २०१२च्या ऑगस्टमध्ये चाचणीतला एक रुग्ण हृदय निकामी होऊन दगावला, आणखी काहींना रुग्णालयात हलवावं लागलं. कंपनीने औषध कायमचं बंद केलं. कागदावर ही दोन्ही औषधं सख्खी भावंडं वाटतात. म्हणूनच ‘नवीन औषध निघालंय, लगेच द्या’ असं नातेवाईक काकुळतीने म्हणतात तेव्हा चाचणीच्या टप्प्यांचा आग्रह मला निर्दयपणाचा वाटत नाही. त्या टप्प्यांत जीव धोक्यात घालणाऱ्या स्वयंसेवकांचे आपण ऋणी आहोत.

सोफोसबुविरला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली. तिथे एका गोळीची किंमत होती १,००० डॉलर! पुढच्याच वर्षी भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले आणि किंमत कोसळली. त्याआधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. ताप, अंगदुखी, नैराश्य सोसूनही अनेकांचा आजार जात नसे. आता सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर ही दुसरी गोळी बहुतेकांना १२ आठवडे पुरतात आणि शंभरातले नव्वदहून अधिक बरे होतात. सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालेलं, असेल तर डॉक्टर औषधं बदलतात किंवा मुदत वाढवतात.

जुलै २०१८ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. पूर्वी कधी रक्त चढवलं असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन चौकशी करा. उपचाराआधी हिपॅटायटिस बीचीही तपासणी हवी, कारण सी गेल्यावर दबलेला बी उसळू शकतो. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आरएनए उरलाय का ते तपासतात. अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची तपासणी मात्र बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते, त्या रिपोर्टने घाबरू नका.