प्रवासी ट्रेलरची बॅटरी

मोटारीमागे जोडून नेण्याच्या प्रवासी ट्रेलरमधील (कॅराव्हॅन) दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, फ्रिज इत्यादींना वीज पुरवणारी बॅटरी. मुक्कामी विजेची जोडणी मिळाली, तर तिला फारसे काम उरत नाही. रानात किंवा माळावर जोडणीविना राहायचे ठरले, की सारी भिस्त तिच्यावर येते. यंत्रणा बहुधा १२ व्होल्टची असते. विद्युत् ब्रेक असलेला ट्रेलर धावताना गाडीपासून सुटला, तर आणीबाणीचे ब्रेक लावणारी वीजही सहसा याच बॅटरीतून येते. त्यामुळे मुक्कामात पार उतरलेली बॅटरी घेऊन परतीला निघणे धोक्याचे.

मोटार सुरू करण्याची बॅटरी या कामाची नाही. तिच्यातल्या पातळ पट्ट्या काही सेकंदांपुरता जोरदार प्रवाह देण्यासाठी असतात. रोज निम्मी उतरवली, तर ती लवकरच निकामी होते. जाड पट्ट्यांची ‘डीप सायकल’ बॅटरी संथपणे उतरणे सोसते. या दोन्ही लेड-ॲसिड, म्हणजे शिशाच्या पट्ट्या व आम्ल असलेल्या, प्रकारातल्या. या प्रकाराचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये लावला. स्वस्ताईमुळे तो अजून टिकून आहे. पाणी घालावे न लागणारी एजीएम बॅटरी (हिच्यात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते) हा त्याचाच बंदिस्त प्रकार. दुसरा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा (पुढे नुसते ‘लिथियम’). सारख्याच क्षमतेच्या लेड-ॲसिडपेक्षा तिचे वजन निम्म्याहूनही कमी असते, आणि वजनाची मर्यादा पाळावी लागणाऱ्या ट्रेलरमध्ये हा मोठाच फायदा.

किती क्षमता हवी, हे ठरवताना लोक दिव्यांचा हिशेब मांडत बसतात. एलईडी दिवे जवळजवळ काहीच खात नाहीत. थंडीत खरी खादाड वस्तू म्हणजे हीटरचा पंखा. तो ७ अँपिअर घेत असेल आणि १० तासांच्या रात्रीत निम्मा वेळ फिरला, तर ३५ अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास, बॅटरीची क्षमता मोजण्याचे एकक) गेले. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये असा संकेत आहे. म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी प्रत्यक्षात ५० चीच. लिथियमची ८० टक्के किंवा त्याहून अधिक क्षमता निर्धास्त वापरता येते. इन्व्हर्टरवर १,२०० वॉटची किटली लावल्यास १२ व्होल्टच्या बाजूने १०० अँपिअरहून जास्त प्रवाह खेचला जातो. एकुलत्या लेड-ॲसिड बॅटरीचा व्होल्टेज अशा वेळी इतका खाली येतो, की चार्ज शिल्लक असूनही इन्व्हर्टर बंद पडतो.

निवडीत क्षमतेइतकाच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचा प्रश्न म्हणजे बॅटरी भरणार कशी. लेड-ॲसिड सुमारे ८० टक्क्यांपर्यंत भराभर चार्ज होते. उरलेल्या २० टक्क्यांना मात्र कित्येक तास लागतात, जनरेटर कितीही मोठा असला तरी. सकाळी तासभर जनरेटर चालवणाऱ्याची बॅटरी म्हणूनच कधीच पुरती भरत नाही. अर्धवट चार्ज राहिलेल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि क्षमता घटत जाते. वापराने झिजण्यापेक्षा अशा अर्धपोटी राहण्यानेच बऱ्याच बॅटऱ्या मरतात. दिवसभर संथ भरणारे सौर पॅनेल तिला मानवते. मात्र १०० वॉटच्या पॅनेलकडून लख्ख उन्हातही दिवसाला साधारण २५–३० अँपिअर-तासच मिळतात, आणि झाडाची सावली पडली की तेही नाहीत. लिथियमला पूर्ण भरण्याची अशी गरज नसते, त्यामुळे जनरेटरवाल्याला तीच सोयीची. चालत्या गाडीकडूनही वीज घेता येते. पण लांबच्या बारीक तारेत व्होल्टेज गळतो. त्यासाठी मधे डीसी-डीसी चार्जर, म्हणजे आलेला व्होल्टेज बॅटरीला हवा तितका करून देणारे उपकरण, बसवतात. लिथियम बसवल्यास गाडीच्या अल्टरनेटरवर (इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्रावर) जादा ताण येऊ नये, याचीही काळजी तोच घेतो.

भरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीचा व्होल्टेज १२.६ ते १२.७ असतो, १२.१–१२.२ म्हणजे निम्मी. मात्र हे मोजमाप चार्जिंग व वापर थांबवून काही तासांनी घ्यावे, एरवी मीटर फसवतो. लिथियमचा व्होल्टेज उतरताना जवळजवळ स्थिर राहत असल्याने तिथे ही युक्ती चालतच नाही. शंटच्या (तारेत बसवलेल्या अगदी कमी रोधाच्या पट्टीच्या) साहाय्याने आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजणारा मॉनिटर लागतो.

देखभालीत पाणी घालावे लागणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. डिस्टिल्ड पाणीच घालावे, तेही चार्ज झाल्यानंतर. आधीच काठोकाठ भरल्यास चार्जिंगमध्ये पातळी वाढून आम्ल बाहेर येते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील, तर मात्र त्या बुडतील इतके आधी घालावे. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून ही बॅटरी ट्रेलरबाहेर हवेशीर पेटीत ठेवतात. लिथियमला उलट आतली ऊब हवी. शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केल्यास तिच्या ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून कायमची इजा होते. चांगल्या बॅटरीतील नियंत्रक मंडल असे चार्जिंग तोडते.

ट्रेलर उभा असतानाही गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र, रेडिओचे घड्याळ वगैरे थोडी थोडी वीज ओढतच असतात. दीर्घकाळ ठेवताना मुख्य स्विच बंद करावा. तो काय काय तोडतो हे तपासलेले बरे, कारण काही जोडण्या त्याच्या आधीच घेतलेल्या असतात. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवावी, कारण उतरलेल्या बॅटरीतील आम्ल पातळ होऊन कडक थंडीत गोठते आणि डबा फुटतो. लिथियम साधारण निम्मी भरलेली ठेवणे चांगले. क्षमता वाढवण्यासाठी जुन्या बॅटरीला नवी जोडू नये: जुनी नवीलाही खाली ओढते.